शाळेत येणारं सहभागी नाटक: अख्ख्या शाळेसमोर की एका वर्गापुरतं?

मागचा_बाक
फिरत्या नाटकमंडळींनी प्राथमिक शाळांत यावं, मुलांना नाटकात सामील करून घ्यावं, हे मला मनापासून हवं आहे. म्हणूनच ते सध्या जसं होतं ते बघवत नाही. पहिली ते चौथीची तीनशे मुलं सभागृहात दाटीने बसवतात. नट विचारतो, "कोल्हा कुठे गेला?" सगळी ओरडतात, "तिकडेऽऽ!" याला सहभाग कसा म्हणायचा? मुलं काहीही ओरडली तरी कोल्हा तालमीत ठरलं तिकडेच जाणार.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने १९६५ साली शाळांसाठी वेगळा चमू उभा केला. 'थिएटर इन एज्युकेशन' नावाची पद्धत तिथून रुजली. त्या चमूतली माणसं नटही होती आणि शिक्षकही. मूठभर मुलांसोबत बसून, त्यांना प्रश्नात ओढून ती काम करत. आपण त्यातला गोंगाट तेवढा उचलला. माझं मत: एका वेळी एक वर्ग. ते जमत नसेल तर चांगलं नाटक नुसतं दाखवा.

फिरतीवर
सात वर्षं शाळाशाळांतून प्रयोग करतोय, म्हणून लिहितो. एक वर्ग आम्हालाही आवडेल. पण मुख्याध्यापक विचारतात, "तिसरी 'अ'ला दाखवलंत, तर 'ब'च्या मुलांना मी काय सांगू?" याचं उत्तर माझ्याकडे नसतं. त्यातल्या कित्येक मुलांनी तोवर एकही नाटक पाहिलेलं नसतं.

आणि ओरडण्याला इतकं कमी लेखू नका. सहा वर्षांच्या मुलाला एकट्याने बोलायची भीती वाटते, घोळक्यात वाटत नाही. आधी मोकळं ओरडू देतो. मग मी आवाज खाली आणतो, कुजबुजून विचारतो, आणि तीनशे मुलं कुजबुजून उत्तर देतात. त्या क्षणी सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येतो. त्यांनी ते ऐकणं स्वतःहून निवडलेलं असतं. मात्र त्यासाठी रंगमंचावरून खाली उतरावं लागतं. १९५३ मध्ये लंडनला मुलांसाठी 'थिएटर सेंटर' ही नाटकमंडळी सुरू करणाऱ्या ब्रायन वे यांचाही आग्रह हाच होता: खेळ जमिनीवर, मुलं भोवती.

दोन_वेण्या
मला दोन्ही पटत नाही. माझ्या मुलीला एका प्रयोगात हात धरून पुढे नेलं. 'लाजू नकोस' म्हणत टाळ्या पिटल्या. पुढचे दोन दिवस ती शाळेत जायला तयार नव्हती. बघणं म्हणजे काही न करणं, असं कोणी ठरवलं? ती घरी येऊन उशांचं घर मांडून अख्खं नाटक एकटीने करते. तिचा सहभाग तो आहे. त्याला वेळ लागतो आणि तो चारचौघांत दिसत नाही.

फिरतीवर
ताई, हे वाचून वाईट वाटलं. ती चूक मंडळींचीच. आमच्यात नियम आहे, मुलाला हात लावून उठवायचं नाही. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांच्या 'फोरम थिएटर' या पद्धतीत प्रेक्षक नाटक थांबवतो आणि स्वतः पात्राच्या जागी उभा राहतो. तो स्वतःहून उठतो, यातच सगळं आलं. मोठ्यांना जी मुभा, ती लहानांना नको का?

तिसरीच्या_बाई
माझ्या वर्गात गेल्या वर्षी फक्त पस्तीस मुलांसाठी प्रयोग झाला. गावच्या विहिरीचा दोर चोरीला गेलाय आणि मुलं पंच. वर्षभर हजेरीलाही मान हलवणारा एक मुलगा उठून पाटलाला म्हणाला, "तू खोटं बोलतोस. मघाशी दोर तुझ्याच खांद्यावर होता." खरंच होता! नट क्षणभर गप्प झाला. मग त्याने पाटलाची भूमिका न सोडता कबुली दिली आणि पुढची गोष्टच फिरली. तीनशे मुलांत हा आवाज कोणाच्या कानावर पडला असता?

पण लगेच घंटा झाली. पुढचा तास गणिताचा. मुलं आठवडाभर विचारत होती, पाटलाने दोर का लपवला? मंडळी निघून गेली होती, आणि त्यांनी मला पुढे काय करायचं याचा एक कागदही दिला नव्हता. आदल्या दिवशी कोणी वर्गात येऊन बसलंही नव्हतं. प्रयोगाआधीचा आणि नंतरचा तास नसेल तर लहान गटाचाही निम्मा उपयोग वायाच जातो.

मागचा_बाक
बाई, हा दोराचा प्रसंग म्हणजेच माझं म्हणणं. नटाला उत्तर द्यावं लागलं, गोष्ट बदलावी लागली. कुजबुजीचं मात्र मान्य करतो, फिरतीवर, ते मी विचारात घेतलं नव्हतं. तरी संख्येवर मी ठाम आहे.

फिरतीवर
हिशेब बघा. तीनशे मुलं, पस्तीसचा एक गट, म्हणजे नऊ प्रयोग. चार नट, दिवसाला दोन प्रयोग झाले की घसा बसतो. एका शाळेत पाच दिवस आम्हाला कोणी देत नाही. दोन वर्ग एकत्र, दोन प्रयोग, मध्ये बाईंशी बोलायला अर्धा तास, इतकं जमवू शकतो. उरलेली मुलं पुढच्या वर्षी.

तिसरीच्या_बाई
चौथीची मुलं पुढच्या वर्षी आमच्या शाळेत नसतील. मग सुरुवात त्यांच्यापासून करा.