अनुभव धागा : इटलीच्या टस्कनीतली डोंगरावरची गावं, एका दिवसात

सकाळी फ्लोरेन्सहून बस, सॅन जिमिन्यानो, मॉन्टेरिज्जोनी, सिएना करून रात्री परत. गाईडसोबतची ही सहल कोणी कोणी केली आहे? फोटो सगळ्यांकडे असतात. काय फसलं आणि काय लक्षात राहिलं ते लिहा. सुरुवात मी करते.

सॅन जिमिन्यानोत आमच्या गाईडबाईंनी आधी मनोरे दाखवलेच नाहीत. थेट चौकातल्या आडापाशी नेलं आणि म्हणाल्या, कठड्यावरून हात फिरवा. दगडात दोराच्या खोल खाचा! आड 1273 सालचा. आजोळच्या आडाला अश्शाच खाचा होत्या, त्यात बोटं घातली की आजी ओरडायची. मग वर बघितलं. मनोरे एकेकाळी 72 होते म्हणे, आता 14. बड्या घराण्यांची एकमेकांवर कुरघोडी, दुसरं काय! 1348 च्या प्लेगने गाव बसलं, 1353 ला फ्लोरेन्सच्या ताब्यात गेलं. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून एवढे तरी उरले.

*

आईबाबांना घेऊन गेलो होतो. माहितीपत्रकात ‘थोडं चालणं’ लिहिलेलं. थोडं कसलं, नुसते चढ, तेही दगडी फरसबंदीचे. सिएनाचा मोठा चौक शिंपल्यासारखा उतरता आहे. आईने तिथल्या उन्हाने तापलेल्या विटांवर बसकण मारली ती मारलीच. बाबा गाईडमागे कॅथेड्रल बघून आले, तोवर हिला शेजारच्या बाईकडून कळलं होतं की याच चौकात जुलै-ऑगस्टमध्ये घोड्यांची शर्यत होते, पेठा 17 पण धावतात 10च. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

*

मॉन्टेरिज्जोनी दहा मिनिटांत संपतं. राजगड पाहिलेल्यांनी फार आशा ठेवू नये. पण गोष्ट झकास आहे. फ्लोरेन्सला अडवायला सिएनाने हा कोट बांधला (1213 ते 1219), कवी दांतेने नरकातल्या राक्षसांना त्याच्या बुरुजांची उपमा दिली, आणि 1554 ला किल्लेदारानेच किल्ल्या शत्रूच्या हाती दिल्या. फितुरी सगळीकडे सारखीच.

*

शाकाहारींसाठी : पेकोरिनो चीजमध्ये बहुधा प्राण्यांचं रेनेट (दूध साकळवायला घालतात ते) असतं, विचारून घ्या. पाव अळणी लागला म्हणून मी मीठ मागितलं, तर कळलं की टस्कनीचा पाव बिनमिठाचाच. ‘पाप्पा अल पोमोदोरो’ मात्र नक्की मागवा. शिळ्या पावाचा टोमॅटोत शिजवलेला कुस्करा, दुसरं काही नाही. मी दोनदा घेतला.

*

सॅन जिमिन्यानोत आमची बस चुकली. भेटायचं होतं सान जोव्हान्नी वेशीपाशी, आम्ही उभे सान मात्तेओपाशी, म्हणजे गावाच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. धावत पोचेस्तोवर बस गेलेली. कंपनीचा फोन कोणी उचलेना. नवरा अर्धा तास धुसफुसत होता. मग बाकीच्या टूरच्या बसही गेल्या आणि गाव एकदम मोकळं झालं. दुकानदारांनी बाहेर मांडलेली पोस्टकार्डं आत घेतली, त्या आडापाशी चार पोरं फुटबॉल घेऊन आली. दिवसभरात पहिल्यांदाच आम्ही काही न बघता नुसते बसलो. पुढे पोज्जीबोन्सीला बस बदलून रात्री फ्लोरेन्स गाठलं. शेवटची बस कितीची, ते मात्र आधी बघून ठेवा.