शब्दचर्चा : रॅमच्या पट्टीवरचा ७० - वेग, गती की वेळ?

नमस्कार मंडळी, पंचवटीतून लिहितेय. आप्पांचा रविवार कारंजापाशी छापखाना होता, तिथला जुना ४८६ कॉम्प्युटर परवा माळ्यावरून खाली काढला. आत रॅमच्या चार छोट्या पट्ट्या, ३० पिनच्या, प्रत्येकीवर तीन आयसी (काळ्या चिप), दोन मोठ्या आणि एक बारकी. एका मोठ्या आयसीवर एचवाय५१४४००, पुढे -७०, खालच्या ओळीत ९३३८. हे सगळं मराठीत लिहून ठेवायचंय म्हणून वही घेऊन बसले आणि दोन रकाने आखले, 'क्षमता' आणि 'वेग'. वेगाखाली ७० लिहिलं. चौथ्या पट्टीवर -८ होता, दुकानात विचारलं तर ते म्हणाले ७० वाली फास्ट, ८ वाली स्लो. आता ७० पेक्षा ८ लहान म्हणून स्लो, असं समजून मी घरी आले पण मनाला पटेना. शब्द चुकतोय का माझा? वेग म्हणावं, गती म्हणावं की शाळेच्या पुस्तकातल्यासारखं चाल?

प्रतिसाद १
ताई, दुकानवाल्यांचं उत्तर बरोबर आहे पण कारण भलतंच पोचलं तुमच्यापर्यंत. -८ म्हणजे ८० नॅनोसेकंद, काही जण शेवटचं शून्य छापत नाहीत. -७ आणि -७० एकच, -६ म्हणजे ६०, आणि -१० म्हणजे १००, म्हणजे त्याहून हळू. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. प्रोसेसरने मागितल्यापासून माहिती हातात पडेपर्यंत एवढा वेळ लागतो, म्हणून आकडा जेवढा लहान तेवढी रॅम चपळ. बल्बची सवय असते ना आपल्याला, साठचा मिणमिणता आणि शंभरचा लख्ख, इथे बरोबर उलटं. मोटार वाइंडिंगवाल्यांना हे लगेच कळतं, कारण त्यांच्याकडे २२ गेजची तार १८ पेक्षा बारीक असते.

तेव्हा माझं म्हणणं, वेग, गती, चाल तिन्ही खोडा. पुस्तकात चाल म्हणजे स्पीड आणि वेग म्हणजे दिशेसकट, गती म्हणजे नुसतं हलणं, हे वाद वेगळे, पण तिन्ही शब्दांत आकडा वाढला की माणूस 'जास्त' समजतो आणि इथेच गाडी घसरते. रकान्याला 'लागणारा वेळ' म्हणा. आपण तरी रोज काय बोलतो, मनमाड तासाभरावर आहे म्हणतो, किलोमीटर कोण सांगतो.

प्रतिसाद २
'प्रवेशकाल' असा शब्द वाचल्यासारखं वाटतं कुठेतरी. अॅक्सेस टाइमला चपखल आहे.

प्रतिसाद १
शब्द वाईट नाही हो दादा, पण प्रवेशकाल ऐकलं की मला कॉलेजचं ॲडमिशन आठवतं. बाजारात तेव्हा एवढं कोणी म्हणतच नव्हतं, 'सत्तरची आहे का साठची' एवढंच विचारायचे आणि समोरच्याला सगळं कळायचं. त्या 'ची' मध्ये वेळ, नॅनोसेकंद सगळं आलं. मदरबोर्डला सत्तरची हवी असेल तर साठची चालून जाते, ऐंशीची घातली तर भरवसा नाही.

प्रतिसाद ३
वेळेचं झालं, मला 'क्षमता' या शब्दाबद्दल बोलायचंय कारण खरा घोळ तिथे आहे. क्षमता म्हणजे अंगात असलेलं बळ, माणसाची क्षमता, इंजिनाची क्षमता. रॅमचं बळ नाही विचारत आपण, किती मावतं ते विचारतो. कोणी धारकता सुचवेल पण ते नकोच, कारण फिजिक्समध्ये कपॅसिटर म्हणजे धारित्र आणि कपॅसिटन्स म्हणजे धारिता, आणि या रॅममध्ये प्रत्येक बिट एकेका इवल्याशा धारित्रातच साठवलेला असतो, म्हणजे गोंधळाला आमंत्रण.

दुसरं, आयसीवरचा आकडा बिटमध्ये असतो आणि आपण बोलतो बाइटमध्ये. आजीच्या मापात सांगायचं तर आठ नवटाकांचा एक शेर, तसे आठ बिटांचा एक बाइट. ताईंच्या ५१४४०० मध्ये ५१ नंतरचा पहिला ४ म्हणजे एकूण चार मेगाबिट, दुसरा ४ म्हणजे एका वेळी चार बिट बाहेर येतात. ५१४१०० असतं तर तेवढंच मावलं असतं पण एकेक बिटाने. म्हणजे ताईंच्या आयसीत दहा लाखांच्या वर खण आहेत आणि एकेका खणात चार बिट. असे दोन शेजारी ठेवले की आठ बिट, झाला एक मेगाबाइट. तिसरी बारकी आयसी पॅरिटीची, नववा बिट, ती फक्त चूक पकडायला, तिचं मावणं मोजायचं नाही. कंपनी बदलली की नंबर वाचायची रीतही बदलते, सॅमसंगचं केएम४४सी१००० हे पण तेच माप आहे, फक्त तिथे सीच्या आधीचा ४ हा चार बिटांचा आणि १००० हा खणांचा.

मोठ्या ७२ पिनच्या पट्टीवर १x३६-७० असं लेबल दिसलं की लोक ३६ एमबी समजून खूश होतात, मी स्वतः अंबड लिंक रोडच्या जुन्या भंगार बाजारात हे ऐकलंय. ती चार एमबीचीच. ३६ म्हणजे रुंदी, एका वेळी बाहेर येणारे बिट, त्यातले ३२ कामाचे (म्हणजे चार बाइट) आणि ४ पॅरिटीचे.

प्रतिसाद २
आणि ९३३८? त्यात किती मावतं?

प्रतिसाद ३
काही नाही, ती जन्मतारीख. १९९३ सालचा ३८ वा आठवडा.

मूळ लेखिका
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पट्ट्या परत काढल्या, पिना खोडरबरने घासल्या, अक्षरं पुसट होती म्हणून आयसीवर हलकी फुंकर मारून बॅटरी आडवी धरली तेव्हा कुठे नीट दिसली. तीन पट्ट्या सत्तरच्या, चौथी सॅमसंगची केएम४४सी१०००-८, म्हणजे ऐंशीची. ४८६ ला ३२ बिट एकदम लागतात म्हणून आठ-आठच्या चारही बसवाव्याच लागतात, एक काढून चालत नाही, आणि मग सगळ्या जणी ऐंशीच्याच बेताने चालणार, निवृत्तीनाथांच्या दिंडीत थकलेल्या माणसाच्या पावलाने सगळे चालतात तसं. मशीन लावलं तर स्क्रीनवर रॅमचे आकडे किलोबाइटमध्ये आले, बेस ६४० आणि एक्स्टेंडेड ३०७२, आप्पा खुर्ची ओढून बाजूलाच बसले होते, ते म्हणाले हेच यायचं रोज सकाळी.

वहीतले दोन्ही रकाने खोडले. आता प्रत्येक पट्टीच्या पाकिटावर पांढरी टेप लावून पेनाने लिहिलंय, 'मावतं १ एमबी, लागतात ७०' आणि चौथ्यावर 'मावतं १ एमबी, लागतात ८०'.