ऐन वेळी धावून आलेले प्राण्यांचे डॉक्टर : तुमचे अनुभव

मोहर
काल माळा आवरताना तो मोठा प्लास्टिकचा भोंगा हाताला लागला. ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून कुत्र्याच्या गळ्यात बांधतात तो. काठावर भीमचे दात अजून उमटलेले आहेत. तो तसाच धरून खाली बसले आणि आवरायचं राहूनच गेलं.

भीम आमचा ग्रेट डेन. रात्री जेवला आणि तासाभरात येरझाऱ्या सुरू झाल्या. सारखे उमासे, पण बाहेर काही नाही, नुसती फेसाळ लाळ. मधेच थांबून मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायचा. मला अपचन वाटलं. पोटावर हात ठेवला तर टणक, आणि टिचकी मारली तर पोकळ आवाज. नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाले, "माझी वाट बघू नका. रात्री ऑपरेशन करतात तिथे आत्ताच्या आत्ता निघा. मी त्यांना कळवतो."

एक्सरेत जठर फुग्यासारखं, मधोमध घडी पडून एकाचे दोन फुगे झालेले. जठराला पीळ पडला होता. आधी सुई टोचून हवा काढली, दोन्ही पुढच्या पायांना सलाईन लावलं आणि मग आत नेलं. पीळ सोडवून जठर पोटाच्या आतल्या भिंतीला टाक्यांनी शिवून टाकतात, म्हणजे पुन्हा फिरत नाही. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना हा धोका जास्त असतो, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. पहाटे सर्जनबाई बाहेर आल्या, मास्क हनुवटीवर, आणि म्हणाल्या, "वेळेत आणलंत." भीम त्यानंतर चार वर्षं जगला.

तुम्हा सगळ्यांकडे असं काही असेलच. लिहा ना.

टिटवी
बापरे, पोटात गोळा आला वाचताना. वाचतेय. माझं नंतर लिहिते, मुलांना आणायला निघालेय.

बोक्याचा बाबा
बोका वाले सगळे इकडे लक्ष द्या. आमचा गुंड्या दिवसभर मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता. बसतो, कुंथतो, उठतो, परत बसतो. आम्हाला वाटलं बद्धकोष्ठ. जवळच्या दवाखान्यातही पोट साफ व्हायचं औषध देऊन घरी पाठवलं, पोटाला हात लावून बघितलंच नाही. याचा राग मला अजून आहे. रात्री तो कपाटाखाली जाऊन ओरडायला लागला, तो आवाज मांजराचा वाटत नव्हता.

इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी हात लावताक्षणी सांगितलं, मूत्राशय लिंबाएवढं टणक आहे, लघवी अडकलीय. बोक्यांची नळी बारीक असते, खडे किंवा चिकट बुच बसतं. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून आधी हृदयाचं औषध, मग भूल देऊन कॅथेटर. तीन दिवस ठेवला. बोका दोनदा ट्रेमध्ये जाऊन कोरडा परत आला की मी आता घड्याळ बघत नाही, उचलतो आणि निघतो.

रानजाई
+१ बोक्याचा बाबा. आमच्याकडेही हेच झालं, दोनदा. आता ओला आहार आणि घरात चार ठिकाणी पाणी.

उंबरठा
ते मांजराला पिंजऱ्यात घालायचं कसं हो? आमची पिंजरा माळ्यावरून उतरवतानाच्या आवाजाने गायब होते. गेल्या वेळी वॉशिंग मशीनच्या मागून काढली.

रानजाई
उंबरठा, पिंजरा कायम बाहेर ठेवा, आत तिची जुनी चादर. झोपायची जागा होऊन जाते. आणि घ्यायचाच असेल तर वरचं झाकण उघडणारा घ्या, दवाखान्यात ओढून बाहेर काढावं लागत नाही.

उंबरठा
हे चांगलंय. आजच उतरवतो.

चांदणवेल
लिहू की नको, दोन दिवस चाललं होतं. लिहितेच.

माझी मांजर सोनी तापली होती. घरात कुणी मोठं नव्हतं. मी तिला पॅरासिटामॉलची पाव गोळी दिली. माणसाच्या बाळाला चालते तर हिला का नाही, एवढाच विचार. संध्याकाळी तोंड सुजलं, हिरड्या गुलाबीच्या तपकिरी झाल्या. इमर्जन्सीत ऑक्सिजनच्या काचेच्या पेटीत ठेवली. डॉक्टरांनी समजावलं की मांजराच्या यकृताला ते औषध पचवताच येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. उतारा दिला, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. त्या पेटीच्या काचेवर आतून तिच्या नाकाचा ओला ठिपका होता, तो मला विसरता येत नाही.

मांजराला माणसाची कुठलीही गोळी देऊ नका. पाव नाही, कणभर नाही.

मोहर
चांदणवेल, अगं किती जड गेलं असेल हे लिहायला. तू तिला बरं करायलाच दिली होतीस. लिहिलंस ते फार बरं केलंस.

बोक्याचा बाबा
ताई, आमच्या घरी हीच गोळी खालच्या खणात असते. आत्ता उठून वर ठेवली.

झुळूक
मधेच विचारते, माफ करा. माझ्या सशाने काल रात्रीपासून काही खाल्लं नाही. कोपऱ्यात पाठीला पोक काढून बसलाय. लेंड्या पण नाहीत. उद्या सकाळपर्यंत बघू का? इथल्या दवाखान्यात म्हणतात आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो.

पाणकोंबडी
झुळूक, उद्या नाही. आत्ता. ससा दहा-बारा तास उपाशी राहिला की आतडी थांबतात, आणि त्याला उलटीही करता येत नाही. ससे, पक्षी, कासव असे प्राणी बघणारे वेगळे डॉक्टर असतात, फोन करून 'ससा बघता का' एवढंच विचार. तोवर जबरदस्तीने भरवू नकोस, आत काही अडकलं असेल तर त्रास वाढेल. कान गार लागत असतील तर टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी शेजारी ठेव. निघालीस की कळव.

झुळूक
कान गारच आहेत. दुसऱ्या फोनवर हो म्हणाले. निघतेय.

कवडसा
शुभेच्छा झुळूक!

माझा डोळ्याचा अनुभव. पग कुत्री आहे, नाव चिमणी. डोळा लाल, पाणी येत होतं. घरात आधीच्या वेळचे थेंब होते, तेच घातले चार दिवस. डोळा निळसर धुरकट झाला. मग कुणीतरी डोळ्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवलं (प्राण्यांच्या डोळ्यांचे वेगळे डॉक्टर असतात हे तिथेच कळलं). त्यांनी खोलीत अंधार केला, डोळ्यात रंगाची केशरी कागदी पट्टी टेकवली आणि निळा दिवा धरला. बुबुळावर हिरवागार चमकणारा खड्डा! जखम. आणि माझे थेंब स्टिरॉइडचे होते, त्यांनी जखम भरत नाही, आणखी खोल जाते. भुलीखाली डोळ्यावर पडद्यासारखं शिवलं, तीन आठवडे तशी होती. नजर वाचली, फक्त एक पांढरा डाग राहिलाय.

जुने थेंब फेकून द्या.

टिटवी
आले. मुलं आली, जेवली, झोपली.

आमच्या लाडूला गोचीड ताप झाला होता. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, पोटावर जांभळे ठिपके, प्लेटलेट्स एकदम खाली. रक्त द्यावं लागेल म्हणाले. रात्री दहाला कुत्र्याचं रक्त कुठून आणायचं? वरच्या मजल्यावरच्या काकांचा लॅब्राडोर, पस्तीस किलोचा, लसीकरण पूर्ण. काका चपला घालून तयारच. दोन्ही रक्तं जुळवून बघितली. तो पठ्ठ्या टेबलावर आडवा पडून शेपटी आपटत होता, मानेतून रक्त जातंय आणि याचं लक्ष काकांच्या खिशाकडे. सकाळी लाडूच्या हिरड्यांवर फिकट गुलाबी छटा आली.

डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला पहिल्यांदा परकं रक्त बहुतेकदा चालून जातं, कारण आधीपासून अँटीबॉडी नसतात. मांजरांचं तसं नाही, त्यांचा गट पहिल्याच वेळी तपासावा लागतो, चुकलं तर जिवावर बेततं. काका आता नाहीत. त्यांचा लॅब्राडोर आमच्याकडेच आहे.

रानजाई
शेवटच्या ओळीला डोळे भरले गं.

पाणकोंबडी
मी रात्रपाळीला इमर्जन्सीत काम करते, म्हणून थोडं लिहिते.

तुमच्या मागून आलेल्याला आधी आत नेलं की लोक चिडतात. मी समजू शकते, तुमच्या मांडीवर तुमचं लेकरू असतं. पण दाराशीच आम्ही श्वास, हिरड्या आणि नाडी बघून ठरवतो. हिरडीवर बोट दाबून सोडायचं, पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. तोंड उघडून धापा टाकणारं मांजर आलं की आम्ही सगळं सोडून धावतो, मांजर उगीच तोंडाने श्वास घेत नाही. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तरी तेच.

काही विषारी खाल्लं असेल तर पाकीट घेऊन या. नुसतं 'उंदराचं औषध' सांगून भागत नाही. रक्त पातळ करणारं असेल तर दोन-तीन दिवस कुत्रं छान खेळतं आणि मग आत रक्तस्राव होतो. त्याला व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे. दुसऱ्या जातीच्या विषाला तो उपयोगी नाही. आणि मीठ पाजून उलटी करवू नका, त्याने मिठाचीच विषबाधा झालेली मी पाहिलीय.

निघताना फोन करा. तुम्ही पोचेपर्यंत आमची सुई भरून तयार असते.

उंबरठा
फॉर्मवर 'हृदय थांबलं तर प्रयत्न करायचे का' असं विचारतात ते का हो? आम्हाला विचारलं तेव्हा मी हादरलो. मला वाटलं संपलंच.

पाणकोंबडी
सगळ्यांना विचारतो, साध्या ऑपरेशनलाही. तेव्हा फोन करून विचारायला वेळ नसतो म्हणून. घरी शांतपणे बोलून ठेवलेलं बरं.

सांजवात
आमची गोल्डन रिट्रीव्हर, अकरा वर्षांची. बागेतून चालत आली आणि दारात बसली ती उठलीच नाही. सोनोग्राफीत प्लीहेवर गाठ, फुटून पोटात रक्त. डॉक्टर तरुण होते. ते खुर्ची ओढून आमच्या उंचीला बसले आणि सगळं सांगितलं: ऑपरेशनने आजची रात्र टळेल, पण अशा गाठी पुष्कळदा कर्करोगाच्या असतात आणि पसरलेल्या असतात, मग हाती महिने येतात, वर्षं नाही. "तुम्ही जे ठरवाल त्यात मी तुमच्याबरोबर आहे."

आम्ही तिला कायमचं झोपवायचं ठरवलं. पुढच्या पायावर केस भादरून सुई लावली होती, तिथली त्वचा इतकी मऊ आणि गुलाबी होती, अकरा वर्षांत कधी दिसली नव्हती. मी तिथेच अंगठा ठेवून होते. मला आजही वाटतं ऑपरेशन करायला हवं होतं. आणि कधी वाटतं की नको होतं.

चांदणवेल
सांजवात, जवळ असते तर येऊन बसले असते तुमच्यापाशी.

कवडसा
हृदयाच्या तज्ज्ञांकडे कुणी गेलंय का? आईच्या पॉमेरेनियनला खोकला आहे, झडप गळते म्हणाले.

रानजाई
आमच्याकडे होता असाच एक. झोपेत श्वास मोजायला शिका, छाती वर-खाली मिळून एक. मिनिटाला तीसच्या वर सतत जायला लागले की डॉक्टरांना फोन. आम्ही वहीत लिहायचो. त्यावरून गोळी वाढवली आणि छातीत पाणी व्हायच्या आधीच सावरलं. दोन वर्षं छान काढली त्याने.

कवडसा
आत्ता आईला फोन केला. चोवीस! थँक्यू गं.

मोहर
झुळूक, काय झालं?

टिटवी
मी पण सारखी येऊन बघतेय.

झुळूक
सॉरी सॉरी, बॅटरी गेली होती. अंगाचं तापमान खूप उतरलं होतं. ऊब दिली, दुखण्याचं इंजेक्शन, कातडीखाली सलाईन. एक्सरेत काही अडकलेलं नाही. तोंडात दुर्बीण घालून बघितलं तर मागच्या दाढेला काट्यासारखं टोक आलंय आणि त्याने जीभ कापली गेलीय. म्हणून खात नव्हता! सशाचे दात आयुष्यभर वाढतात म्हणे. अंगात ताकद आली की भूल देऊन टोक घासणार. मी त्याच्या पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसलेय.

पाणकोंबडी
छान. आता लेंड्यांकडे लक्ष ठेव.

झुळूक
पहाटेचे पावणेपाच. तीन लेंड्या. बारक्या आहेत, पण तीन!!!