ऑडिओबुक ऐकतो, पण त्यातून गावातल्या पुस्तकाच्या दुकानाला काही मिळावं, तर काय करता येईल?

चिंचोली_बस
नमस्कार मंडळी. जुळे सोलापूरला राहतो, कंपनीच्या बसनं रोज चिंचोली एमआयडीसीला जाणं-येणं. चाळिशीनंतर बसमध्ये वाचलं की डोकं दुखायला लागलं, म्हणून दोन वर्षांपासून ऑडिओबुक ऐकतो, आणि मागच्या वर्षी मोजलं तर तीसएक पुस्तकं ऐकून झाली होती. एवढी तर मी कॉलेजात असतानाही वाचली नव्हती.

पण परवा नवी पेठेत गेलो होतो तेव्हा ज्या दुकानातून शाळेपासून पुस्तकं घेत आलोय तिथं सहज डोकावलो. काका म्हणाले, बऱ्याच दिवसांनी. आता स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि दिवाळी अंक सोडले तर बाकी कपाट हलत नाही म्हणाले, आणि मला एकदम वाईट वाटलं, कारण वर्षभरात तीस पुस्तकं संपवणारा माणूस मीच, आणि त्यांच्याकडून घेतलेली फक्त दोन.

पुतणी अमेरिकेत शिकते, ती म्हणाली तिकडं असं ॲप आहे की ऐकायचं आपण आणि पैसे आपण निवडलेल्या दुकानाला. हे खरं आहे का? मराठीसाठी असं काही आहे का? नसेल तर दुसरा मार्ग सांगा. ऐकणं सोडायचं नाहीये.

डॅलसचा_सोलापूरकर
पुतणी बरोबर सांगतेय, मी स्वतः वापरतो. लिब्रो एफएम नाव. सिएटलची कंपनी, २०१३ मधे सुरू झाली. खातं उघडताना यादीतून एखादं स्वतंत्र पुस्तकाचं दुकान निवडायचं, मग तुम्ही जे ऑडिओबुक घ्याल त्याच्या नफ्यातला वाटा त्या दुकानाला जातो. महिन्याला साधारण १५ डॉलर भरले की एक क्रेडिट, एका क्रेडिटला एक पुस्तक. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फाइल एमपी३ मधे उतरवून घेता येते, कुलूप नाही, उद्या मेंबरशिप बंद केली तरी घेतलेली पुस्तकं आपलीच. ऑडिबल हे ऑडिओबुकचं मोठं ॲप तर २००८ पासून ॲमेझॉनचं आहे, तिथं भरलेल्या पैशात गल्लीतल्या दुकानाचा काही संबंध येत नाही.

छापील पुस्तकांसाठी असंच बुकशॉप डॉट ऑर्ग आहे, २०२० चं.

पण तुमच्या कामाचं सांगतो. लिब्रोवर आपली मराठी पुस्तकं मला तरी दिसली नाहीत आणि यादीत सोलापूरचं दुकान नाही. त्यामुळं पुतणीला मात्र सांगा, इंग्रजी ऐकत असेल तर तिच्या कॉलेजच्या गावातलं दुकान निवड म्हणून. तिचे पैसे तेवढेच जाणारेत, फक्त वाट बदलेल.

शेंगाचटणी
स्टोरीटेल वगैरे मराठी ऑडिओबुकच्या ॲपचं काय मग? त्यातलं दुकानाला काहीच जात नाही ना?

डॅलसचा_सोलापूरकर
@शेंगाचटणी नाही. मासिक वर्गणीतले पैसे करारानुसार प्रकाशक-लेखकाकडं जातात, दुकान त्या साखळीत येतच नाही. पण म्हणून स्टोरीटेलला नावं ठेवणार नाही मी. ते भारतात २०१७ मधे आलं तेव्हा पहिल्यापासून मराठी होतं त्यात, आणि त्यामुळं कितीतरी लोक ऐकायला लागले, माझी आई धरून. यूट्यूबवर अख्खीच्या अख्खी पुस्तकं कुणीही वाचून टाकतं, बहुतेकदा हक्क न घेता, ते मात्र ऐकू नका. त्यात लेखकालाही काही नाही आणि दुकानालाही नाही.

गल्ल्यावरून
मी एका पुस्तकाच्या दुकानात अकरा वर्षं काम करतोय (गाव सोलापूरच, दुकान सांगत नाही). चिंचोली_बस, तुम्ही विचारलात हेच मोठं आहे ओ. आमच्या बाजूनं काय असतं ते सांगतो.

ऐकणारं गिऱ्हाईक आमचं नुकसान करत नाही. नुकसान होतं ते दुकानात येऊन पुस्तक चाळून कव्हरचा फोटो काढून तिथंच उभं राहून ऑनलाइन मागवतात त्यानं. ऐकणारा माणूस तर उलट पुस्तकाबद्दल चार लोकांशी बोलतो, त्याला लेखक माहीत असतात, निवेदक माहीत असतात. त्याचं बोलणं आमच्यापर्यंत पोचत नाही एवढंच.

म्हणून पहिलं काम हे करा, ऐकून आवडलेल्या पुस्तकांची नावं दुकानात सांगा. खरंच फक्त नावं. आम्ही पुण्याहून माल मागवतो तेव्हा काय मागवावं याचा अंदाजच लागत नाही, एकेक प्रत मागवली तर पार्सलचा खर्च कमिशन खाऊन टाकतो, आणि जास्त मागवल्या तर पैसे अडकतात. तुम्ही बसमधले पाच जण मिळून महिन्यातून एकदा यादी दिलीत तर तो खर्च वाटला जातो आणि शिवाय आम्ही दोन प्रती जास्तीच्या मागवायची हिंमत करतो.

दुसरं म्हणजे ऐकलेल्यातलं जे पुन्हा हातात घ्यावंसं वाटेल तेच विकत घ्या. तीसच्या तीस घेऊ नका, तशी अपेक्षा कुणाची नाही. वर्षाला पाच-सहा. वाढदिवस, मुंज, रिटायरमेंट, जिथं पाकीट देता तिथं पुस्तक द्या. दिवाळी अंकांची नोंदणी आणि प्रकाशनपूर्व सवलतीची पुस्तकं दुकानातूनच सांगा, बरेच लोक थेट प्रकाशकाला पैसे पाठवतात, दुकानातूनही होतं हे माहीतच नसतं. आणि उशीर झाला तर जरा थांबा. पुस्तक यायला आठवडा लागतो.

पद्मा_अशोकचौक
@गल्ल्यावरून यांचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या घरात तेलुगू बोलतात. माझी आई चाळीस वर्षं विड्या वळतेय, हजार विड्यांमागं मजुरी, मान खाली आणि हात चालू, त्यामुळं तिला हातात पुस्तक धरायला कधी मिळालंच नाही, आणि मराठी बोलता येतं पण वाचताना अडखळते. दोन वर्षांपूर्वी मी सुपाशेजारी छोटा स्पीकर ठेवून एक कादंबरी लावून दिली. आता दुपारी शेजारच्या तिघी आपापलं सूप घेऊन आमच्याच ओट्यावर येतात. मधेच थांबवून भांडतात, त्या बाईनं असं का केलं म्हणून.

मी नंतर वाचलं की क्युबात सिगार वळणाऱ्या कामगारांना मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत १८६५ पासून आहे, वाचणाऱ्याचा पगार कामगार वर्गणी काढून द्यायचे. आईला सांगितलं तर तिला काही नवल वाटलं नाही, म्हणाली हातांना काम असलं की कान मोकळेच असतात की.

तर मुद्दा असा की त्या चौघींनी मागच्या महिन्यात पैसे काढून एक पुस्तक आणायला लावलं, आवडलेलं, नातींनी वाचावं म्हणून. मी दुकानातून आणलं. ऑनलाइन चाळीस रुपये कमी होतं, पण आई म्हणाली दुकानातून आण, मला बघायचंय ते दुकान, आणि माझ्यासोबत आली. पहिल्यांदाच पुस्तकाच्या दुकानात आली ती.

कडकभाकरी७८
मी पण हेच करलालो, ऐकायचं आणि आवडलं तर घ्यायचं. फक्त एक सांगतो, ज्यांना विकत घेणं जमत नाही त्यांनी वाचनालयाची वर्गणी भरा, आणि तिथं मागणीवहीत नाव लिहा. आमच्या वाचनालयाची खरेदी गावातल्या दुकानातून होते. सगळीकडं होते का ते विचारून घ्या.

गल्ल्यावरून
@पद्मा_अशोकचौक ताई, आईंना परत घेऊन या. आमच्या दुकानात असो नाहीतर दुसऱ्या. त्यांनी काय ऐकलं ते आम्हाला ऐकायचंय.

आणि एक डोक्यात आलं. गिऱ्हाइकांनी ऐकून सुचवलेल्या पुस्तकांचा एक वेगळा कप्पा आम्ही करू शकतो, प्रत्येकावर चिठ्ठी, कुणाला का आवडलं ती. मालकांशी बोलतो.

चिंचोली_बस
सगळ्यांचे आभार. शनिवारी जाऊन आलो. बसमधल्या चौघांना विचारून सात नावं नेली होती, काकांनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली आणि त्यातली तीन तर कपाटात होतीच, धूळ झटकून काढून दिली. चार मागवलीत. पुतणीनं पण दुकान निवडलं तिकडं.

चिठ्ठ्यांच्या कप्प्याबद्दल काकांना पण सांगितलं. म्हणाले चिठ्ठ्या तुम्हीच लिहून आणा, माझं अक्षर लागत नाही कुणाला. पहिल्या तीन लिहायला बसलोय आत्ता. @पद्मा_अशोकचौक, आईंकडून एक मिळेल का? त्या सांगतील तसंच लिहीन, तेलुगूत सांगितलं तर तुम्ही मराठी करून द्या.