बाबांची दुनाली: अडीअडचणीला घरात कोणती बंदूक?

ह्यूस्टनहून

नमस्कार मंडळी,

हा प्रश्न ग्वाल्हेरच्या माणसांनाच विचारता येईल, म्हणून इथे लिहिते आहे. आई-बाबा दौलतगंजात दोघंच राहतात. बाबा ७६ चे, आई ७१ ची. मला भाऊ नाही. धाकटी बहीण थाटीपुरात असते, ती एक दिवसाआड चक्कर मारते.

मे २०२५ मध्ये शहरात ब्लॅकआउटची मॉक ड्रिल झाली, त्या रात्री बाबांनी माळ्यावरून आजोबांची बारा बोर दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, खाली काढली. तेव्हापासून एकच धोशा: "वेळ सांगून येत नाही, ही जुनी झाली, नवीन घ्यायची." कधी ३१५ रायफल म्हणतात, कधी ३२ चं रिव्हॉल्वर. लायसन्स चालू आहे. उजवा हात मात्र आता थरथरतो, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात.

मी त्यांना सरळ "नको" म्हणू शकत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासची वीज गेली तेव्हा आमच्याही घरात हाच विचार आला होता. शेजारी म्हणाले, शॉटगन घेऊन ठेवा. आम्ही तेव्हा एच-१बी वर होतो आणि इथल्या कायद्यानं तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक ठेवायला बंदी आहे. शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद आहेत, पण आम्ही त्या वाटेला गेलो नाही. तुमच्यापैकी कुणी इथे नवीन आला असेल तर दुकानात जायच्या आधी हे नीट वाचून घ्या. ग्रीन कार्डानंतर चित्र वेगळं आहे.

तर, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या घरात, दोन म्हाताऱ्या माणसांसाठी, उपयोगाची अशी बंदूक कोणती?

दौलतगंजची माहेरवाशीण

सॅन होजेहून

ताई, माझं मत रिव्हॉल्वरला. कानपूरच्या कारखान्यानं २०१४ मध्ये 'निर्भीक' काढलं, ३२ बोअरचं, वजन साधारण अर्धा किलो. तेव्हाच किंमत सव्वा लाखाच्या घरात होती, म्हणजे स्वस्त नाही. पण बाबांना दुनाली उचलायला लावण्यापेक्षा ते बरं. उशाशी राहतं, एका हातात मावतं.

लश्करहून, भाऊकाका

बाळ,

तुझे बाबा शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होते, म्हणून जरा मोकळेपणानं लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या बंदूक आहे. त्यातली चाळीस वर्षं ती माझ्या हाताखालची.

तू बंदुकीपासून सुरुवात केलीस, मी बाबांच्या हातापासून करतो. ज्या हातात कप राहत नाही, त्या हातात रिव्हॉल्वर सगळ्यांत वाईट. सॅन होजेच्या चिरंजीवांनी वजन पाहिलं, पण हलकी, आखूड नळीची बंदूक नेम धरायला जास्त अवघड असते. मनगट जरा हललं की दहा फुटांवरही गोळी बाजूला जाते. शिवाय उशाशी भरलेलं रिव्हॉल्वर, रात्री झोपेची गोळी घेतलेला माणूस आणि पाणी प्यायला उठलेली आई. यापुढे मी लिहीत नाही.

३१५ चं तर नावच काढू नका. ती चंबळच्या शेतावर ठीक. तिची गोळी दोन किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते. आपल्या दौलतगंजात गच्चीला गच्ची लागलेली, मधे पत्र्याची दारं आणि साडेचार इंची विटांच्या भिंती. चोराला चुकली तर ती गोळी कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊन थांबेल ते सांगता येत नाही.

राहिली बारा बोर. घरासाठी बंदूक ठेवायचीच तर कायद्याचा कलही तिकडेच आहे. १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या १३ व्या कलमात संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा खास उल्लेख आहे. तिच्या काडतुसातले छर्रे भिंतीपार रायफलच्या गोळीसारखे जात नाहीत. पण लोकांचा एक समज मी आयुष्यभर ऐकत आलोय की बारा बोरला नेम लागत नाही, रोखली की झालं. साफ चूक. छर्रे अंतराबरोबर हळूहळू पसरतात. पंधरा फुटांच्या खोलीत त्यांचा फुलोरा जेमतेम तळहाताएवढा होतो. नेम धरावाच लागतो, खांद्याला धक्का बसतोच, आणि तीन किलोची दुनाली ७६ व्या वर्षी अंधारात उचलावीच लागते.

बाबांची काडतुसं कधीची आहेत ते बघ. पुठ्ठ्याची जुनी असतील तर आपल्या पावसाळ्यात फुगतात, नळीत बसत नाहीत, जबरदस्तीनं बसवली तर अडकतात. आणि आजोबांची दुनाली बहुधा ६५ मिलिमीटरच्या चेंबरची (काडतूस बसतं ती जागा) असेल, नळीवर कोरलेलं असतं. तिच्यात ७० ची काडतुसं घालायची नाहीत. आत जातात म्हणून चालतात असं नाही, फुटताना दाब वाढतो. जुनी काडतुसं घरी उडवून बघू नका, लायसन्सवाल्या दुकानदाराकडे द्या.

आता जे मी आजवर फक्त घरात बोललोय ते लिहितो. २ एप्रिल २०१८, भारत बंदचा दिवस. शहरात गोळ्या चालल्या, माणसं गेली, कर्फ्यू लागला. मी मागच्या जिन्याशी दुनाली मांडीवर घेऊन बसलो, दोन्ही नळ्या भरलेल्या. जिन्यावरचा दिवा आठवडाभर उडालेला होता, बदलतो बदलतो म्हणत राहिलो होतो. रात्री गच्चीवर पावलं वाजली. मी घोडे चढवले, बंदूक खांद्याला लावली, बोट चापावर गेलं. वरचा माणूस दोन पायऱ्या उतरला आणि खोकला. तो खोकला मी त्याच्या लहानपणापासून ओळखतो. माझा पुतण्या. तुझ्या काकूचं इन्सुलिन त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवलेलं, ते घेऊन गच्चीवरून आला होता. त्यानं तीनदा फोन केला होता. माझा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला.

मी हाक मारली नव्हती. टॉर्च जवळ नव्हता. कोण आहे ते न बघता मी चापावर बोट ठेवलं होतं. त्यानंतर महिनाभर मला पुतण्यासमोर बसून जेवता येत नव्हतं. अजूनही तो जिना उतरताना माझा हात कठडा घट्ट धरतो.

म्हणून बाबांना विचार: त्या ब्लॅकआउटच्या रात्री तुम्हाला नक्की कशाची भीती वाटली? मला वाटतं त्यांना एकटं पडायची भीती वाटली. ऑगस्ट २०२१ मध्ये सिंध नदीला पूर आला, दतियाकडचे पूल वाहून गेले, शिवपुरी-श्योपुरात गावंच्या गावं पाण्यात होती. तिथून आलेल्या आमच्या पाहुण्यांना चार दिवस काय कमी पडलं? प्यायचं पाणी, रक्तदाबाच्या गोळ्या, कोरडी चादर, मोबाइलचा चार्ज. त्यांच्याकडेही बंदूक होती. ती तिजोरीत भिजली.

वाटेचं सांगतो. २०१६ च्या आर्म्स रूल्सचा २५ वा नियम आहे. लायसन्सवाल्याला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याजवळ असली, यातलं जे आधी होईल तेव्हापासून त्याला ती कायदेशीर वारसाच्या नावावर द्यायला अर्ज करता येतो. मुलगीही वारसच. थाटीपुरातल्या बहिणीची इच्छा असेल, ती प्रशिक्षण घेईल, पोलीस चौकशीला सामोरी जाईल, बंदूक कुलपात ठेवील, तर आजोबांची वस्तू घरात राहील. तुझ्या नावावर करून उपयोग नाही, तू ह्यूस्टनमध्ये आहेस. तिला नको असेल तर लायसन्सवाल्या दुकानदाराला विका. मन थोडं दुखेल, पण दिवसाउजेडी विकलेली बरी.

आणि कुणी भिंड-मुरैनाकडचा ओळखीचा "दोन हजारांत गावठी कट्टा देतो" म्हणाला तर बाबांना दारातूनच त्याला परत पाठवायला सांग. कट्टा हातातच फुटतो हे तर झालंच, २०१९ च्या दुरुस्तीनंतर नुसता जवळ ठेवण्याला दोन ते पाच वर्षं आहेत.

भाऊकाका

मुरारहून

ताई, भाऊकाकांच्या पत्रात एक गोष्ट राहिली, ती मी भोगली आहे. आमचे हे गेले तेव्हा रायफल कपाटात होती आणि दिवसवारांच्या गडबडीत मी ती महिनाभर तशीच ठेवली. लायसन्सवाला गेला की घरच्यांनी हत्यार ताबडतोब ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा करायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे दोन वर्षं चकरा झाल्या, प्रत्येक वेळी "तेव्हाच का नाही आणली" हाच प्रश्न. तुमच्या आईला हे आजच माहीत असू द्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा केल्याच्या पावत्या आणि लायसन्सचं पुस्तक एका पिशवीत घालून ती पिशवी कुठे आहे ते बहिणीला दाखवून ठेवा.

आणि घरात लग्न असेल तर दुनाली वरातीपासून लांब ठेवा. आमच्या गल्लीत हर्ष फायरमध्ये, म्हणजे आनंदात झाडलेल्या गोळ्यांत, एक पोरगा गेला. आता त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, असा कायदा झालाय. त्याच्या आईला त्याचा काय उपयोग.

ह्यूस्टनहून

काका, काकू, तुमची पत्रं मी बाबांना व्हिडिओवर वाचून दाखवली. इन्सुलिनचं आलं तेव्हा ते उठून आत गेले. परत आले तेव्हा आई म्हणाली, "त्या रात्री हे तीन वाजेपर्यंत दाराशी बसले होते, मला पाणी प्यायलाही उठू दिलं नाही."

बाबांनी दुनाली बहिणीला दाखवली. नळीवर ६५ च आहे. काडतुसं बावीस निघाली, त्यातली नऊ फुगलेली. बहिणीला बंदूक ठेवायची आहे, शिकायचीही आहे, पण ती तिच्या घरी, कुलपात. अर्ज पुढच्या आठवड्यात. तोवर बाबांनी नळी आणि दस्ता वेगळे करून कुलपात ठेवले आणि किल्ली तिच्याकडे दिली, स्वतःहून दिली.

आता यादी करते आहे: आईबाबांच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, दोन टॉर्च, पॉवर बँक, पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन, भिंतीवर मोठ्या अक्षरात ११२ आणि शेजारच्या तीन घरांचे नंबर. काका, मागच्या जिन्यावर बॅटरीवर चालणारा दिवा लावायचा आहे, माणूस आला की आपोआप लागणारा. दाल बाजारात की बाड्यावर, कुठे चांगला मिळेल?