मदत हवी आहे: फक्त उपाशीपोटीची साखर ९६, तरी जीडीएम (गरोदरपणातला मधुमेह)?

सव्विसावा आठवडा, पहिलंच बाळंतपण. परवा ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी झाली. उपाशीपोटी ९६, एका तासाने १६८, दोन तासांनी १३४. तीनपैकी दोन आकडे बरे, म्हणजे सुटले असं वाटलं. तर डॉक्टरांनी 'जीडीएम' लिहिलं. मर्यादा ९२, १८० आणि १५३, आणि एक जरी गाठली तरी निदान होतं म्हणे.

मी जाड नाही, आधीचा बीएमआय २२. गोड फारसं आवडतही नाही. (घरात "जिभेवर ताबा नाही" हे ऐकून झालंय, ते सोडा.) काल जुने रिपोर्ट काढून बसले. पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड) आहे, वडिलांना मधुमेह आहे, आणि दोन वर्षांपूर्वी ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१० होती, तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. याचा काही संबंध असेल का?

दुसरं म्हणजे, रात्री जवळजवळ जेवतच नाहीये, तरी सकाळी ९७-९८. काय चुकतंय?

प्रतिसाद १
संबंध आहेच. गरोदरपणात वारेतली संप्रेरकं इन्सुलिनचा जोर कमी करतात, आणि हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ते भरून काढतं. ज्यांच्या शरीरात इन्सुलिनला आधीपासूनच विरोध असतो, त्यांना हा वरचा भार झेपत नाही. पीसीओएस आणि वाढलेली ट्रायग्लिसराइड्स या त्याच विरोधाच्या खुणा आहेत. वजनकाटा एकूण वजन सांगतो, यकृतात किंवा पोटाच्या आत किती चरबी आहे ते नाही. आता मात्र लिपिड तपासून घाबरू नका, ट्रायग्लिसराइड्स या काळात एरवीही दुप्पट-तिप्पट होतात.

सकाळची साखर रात्रीच्या ताटातून येत नाही. रात्रभर ती यकृत सोडत असतं आणि इन्सुलिनने त्याला आवरायचं असतं. तिथेच तुमचं अडतंय. त्यामुळे उपास करून उपयोग नाही, उलट कीटोन (उपाशी राहिल्यावर चरबी जळून तयार होणारे पदार्थ) वाढतील. आजपासून नीट जेवा, आणि हे आहारतज्ज्ञांना सांगाच.

प्रतिसाद २
माझंही अगदी हेच होतं. लक्ष्य दिलं होतं उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर तासाने १४० च्या आत. जेवून पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर जेवणानंतरचे आकडे मुकाट खाली आले, सकाळचा हट्टी तो हट्टीच. शेवटी झोपताना थोडं इन्सुलिन सुरू केलं. दोन दिवस रडले, मग सवय झाली.

मूळ प्रश्नकर्ती
आजच रात्री जेवते! आणखी एक, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) करून घेऊ का? त्यावरून नक्की कळेल ना?

प्रतिसाद १
त्यावर विसंबू नका. या काळात तांबड्या पेशी लवकर बदलतात, त्यामुळे आकडा खरा असतो त्याहून कमी दिसू शकतो. बोटाला टोचून रोजची नोंद ठेवा, डॉक्टरांना तीच लागेल.

प्रतिसाद २
आणि बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत हीच ७५ ग्रॅमची चाचणी पुन्हा करायची असते. मी बाळाच्या धांदलीत विसरले, दीड वर्षाने केली तेव्हा प्रीडायबिटीस (मधुमेहाच्या आधीची पायरी) निघाला. तुम्ही आत्ताच फोनवर आठवण लावून ठेवा.