मदत हवी आहे: पोतोसीची चांदी नववीच्या मुलांना कशी सांगू?

मंडळी, बोलिव्हियातल्या पोतोसीवर एक तास घ्यायचाय. १५४५ मध्ये तिथल्या सेरो रिको डोंगरात चांदी सापडली. पुढे १५७० च्या दशकात स्पॅनिश व्हाइसरॉय (राजाचा प्रतिनिधी) तोलेदोने 'मिता' लावली: ठरलेल्या प्रांतांतल्या साधारण दर सात पुरुषांमागे एकाने पाळीने खाणीत जायचं. याला वेठबिगार म्हणू का? थोडी मजुरी मिळायची (पोट भरेल इतकी नाही), म्हणून अडतंय. नेमका शब्द सुचवा.

खरी पंचाईत पाऱ्याची. खनिजातून चांदी वेगळी काढायला दळलेलं खनिज, मीठ, पाणी आणि पारा यांचा चिखल मजूर अनवाणी तुडवायचे. त्यात पारा चांदीला धरून घ्यायचा. मग पारा-चांदीचा तो गोळा तापवला की पारा वाफ होऊन हवेत, चांदी मागे. हा पारा यायचा पेरूच्या वांकावेलिकाहून. तिथल्या मातीच्या घरांच्या भिंतींत आजही पारा सापडतो, हे वाचून मी तर गारच पडले!

खरा पारा वर्गात नेणार नाही, अर्थातच. पण ही क्रिया दाखवायला एखादी निर्धोक युक्ती आहे का? आणि अमेरिकेतली चांदी सुरतेच्या टांकसाळीत रुपये झाली, तर तशा जुन्या रुपयाचा स्पष्ट फोटो कुणाकडे असेल तर पाठवाल का? तास सोमवारी आहे.